एकतीस जनावरांचं सांत्वन

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (चुलतभावाला तीर्थरूप लिहितात का, हे विचारायला घरात मोठं कोणी उरलं नाही, तेव्हा चालवून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी पोहायला शिकत होत्या, त्या आता पाण्यात उतरतात का? इकडे मी ठीक, म्हणजे प्रकृतीने.

आपण दोघांनी मिळून बनवलेला, नोंदी साठवणारा डेटाबेस आठवत असेलच. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या पोटात एवढीशी फाइल होऊन गपगुमान राहणारा. त्याने फक्त लक्षात ठेवावं, डोकं चालवणं त्याचं काम नाही, असं तू म्हणायचास. मी स्टोअर्ड प्रोसीजरचा हट्ट धरला. म्हणजे कामाच्या सूचना डेटाबेसमध्येच लिहून ठेवायच्या, नुसतं नाव घेतलं की तो आपापलं उरकतो. त्यावरून चार माणसांत मी तुला जुनाट म्हणालो, आणि तू खुर्चीवरची उशी उचलून चालता झालास. (उशी ऑफिसची होती. असो.)

तीन महिन्यांत मी प्रोसीजर बसवल्या. पहिलं गिऱ्हाईक जनावरांच्या डॉक्टरबाई. गेलेल्या जनावरांची यादी काढून मालकांना सांत्वनाची पत्रं छापायची, एवढंच काम. पुढच्या भेटीची तारीख कोरी असेल तर जनावर गेलं, असं मी धरून चाललो. ठणठणीत जनावराचीही तारीख कोरीच असते, हे काही सुचलं नाही. सोमवारी एकतीस पत्रं टपालात पडली. गुरुवारी एक बाई पत्र आणि कुत्रा दोन्ही घेऊन दवाखान्यात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "यातलं खरं कुठलं, तेवढं सांगा."

डॉक्टरबाईंनी मला घरोघर माफी मागायला धाडलं. तीस घरी बोलणी खाल्ली. (एका घरी पोपटाचीसुद्धा.) शेवटच्या घरी एका म्हाताऱ्या घड्याळजींची मांजर खरंच गेली होती, त्यांनी दवाखान्यात कळवलंच नव्हतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "इतकं मनापासून कोणी लिहिलं नव्हतं," म्हणाले. मी पाणी प्यायलो आणि माफी न मागताच उठलो.

घरी येऊन सगळ्या प्रोसीजर उपटून काढल्या. तुझं बरोबर होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तुझा धाकटा

ता. क. प्रोसीजर निघाल्या, पण आता डेटाबेसच उघडत नाही. बाईंच्या सगळ्या नोंदी आत अडकल्यात. येऊन बघशील?

ता. क. आणखी एक. पत्र कोणी लिहिलं, असं घड्याळजींनी विचारलं, तेव्हा "मी" म्हणालो. खरं तर आई गेली तेव्हा तू मला पाठवलेलं पत्र होतं ते. मी फक्त नाव बदललं. त्याला उत्तर द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. डेटाबेसचं राहू दे. नुसता ये.