मध जास्त पडलेल्या वड्या

चारकोप, कांदिवली
ता. ९ एप्रिल १९८८

चि. सौ. शुभा हिला आईबाबांचे पोटभर आशीर्वाद. चिपळूणला सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो. विहीणबाईंना नमस्कार. (तुमच्याकडे आलेलं पत्र आधी त्या वाचतात, मग तुझ्या हातात येतं, हे मला ठाऊक आहे. रीतच आहे, माझी तक्रार नाही. विहीणबाई, अक्षर लागत नसेल तर चष्मा लावावा.)

तुझं पत्र पोचलं. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी.’ बस, एवढंच. अगं, गिरणीच्या रंगखात्यात त्या धडधडाटातही पलीकडच्या टोकाला मुकादम काय पुटपुटतोय ते मला ऐकू यायचं. मग हे वाक्य तुला कुणी सांगून लिहायला लावलंय ते ऐकू येणार नाही का? (विहीणबाई, वाक्य चांगलंच आहे. जरा आखूड आहे, एवढंच.)

गिरणीतली नोकरी सुटल्यावर आपण तिघांनी स्वयंपाकघरात मांडलेला रंगाच्या वड्यांचा धंदा आता गाळ्यात नीट बसलाय. (विहीणबाई, आपला रंग भिंतीचा नव्हे. रंगाची पूड, डिंक आणि मध पाट्यावर घोटायचा, लाकडी साच्यात दाबून वड्या पाडायच्या आणि सुकवायच्या. ओला ब्रश फिरवला की चित्र काढा, वडी भिजवून तिच्यावर कापलेली भेंडी दाबली की कागदावर ठसे मारा.) तू गेल्यापासून मध घालायचं काम तुझ्या आईकडे आलं. तू तोंड मिटून घालायचीस. तुझी आई मध ओतता ओतता तुझ्याबद्दल बोलते. परवा सुरुवात झाली ती तुला तिकडे सकाळी लवकर भूक लागते हे कुणाला माहीत असेल का, इथून. मग तुझे केस कोण विंचरून देतं, तिथवर आली आणि बोलणं संपेपर्यंत बरणी रिकामी. मी समोरच होतो. थांबवायला हवं होतं, पण विषय तुझा होता, म्हणून मीही ऐकत बसलो.

त्याच वड्या नमुना म्हणून बोरिवलीच्या एका शाळेत घेऊन गेलो. तिथल्या चित्रकलेच्या माणिकबाई खूश झाल्या तर पुढच्या शाळांची दारं उघडणार. पोरांनी भेंडीचे, बटाट्याचे झकास ठसे मारले. बाईंनी कागद एकावर एक रचून कपाटात ठेवले. मधामुळे रंग काही सुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर अख्ख्या वर्गाचं मिळून एकच जाड चित्र झालेलं, आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग. बाई म्हणाल्या, “काका, या वर्गात इतकी एकी मी कधी बघितली नव्हती. आता मार्क कुणाला देऊ, मुंग्यांना?” मी म्हटलं, “द्या ना बाई, जास्त मेहनत त्यांचीच.” हसल्या, म्हणून वाचलो.

आता जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नव्या वड्या द्यायच्यात आणि तुझ्या हाताशिवाय मधाचा अंदाज येत नाही. तेव्हा विहीणबाई, धंदा बुडायची वेळ आली आहे. महिनाभर शुभाला पाठवावं, ही विनंती.

तुझा बाबा,
सीताराम

ता. क. पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “काय हो, धंद्याच्या नावाने कसले रडताय? खरं काय ते लिहा ना.” खरं असं की, नव्या वड्या करून, सुकवून शाळेत पोचल्यासुद्धा. बाईंना पसंत पडल्या. धंदा काही बुडत नाही. पण आम्ही दोघं जेवायला बसतो तेव्हा शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. घरात इतकं स्वच्छ ऐकू येणं बरं नव्हे गं.

आणखी एक ता. क. विहीणबाई, या पाकिटावर तिकीट नाही, हे ध्यानात आलंच असेल. पत्र मीच घेऊन आलोय आणि तुम्ही वाचताय तोवर तुमच्याच ओटीवर बसलोय. मांडवपरतणीला शुभा आली होती ती एका रात्रीपुरती, त्यानंतर तिला बघितलेली नाही. उद्या सकाळच्या एसटीने परतायचं आहे, एकट्याने की दोघांनी, ते तुम्ही ठरवायचं. नाही म्हणायचं असलं तरी घाई करू नका. आधी तिच्या हातून चहा पाठवा, मग सावकाश म्हणा.