पपांच्या नावाचं मीटर

पुंता सालादा, २३ जून

श्रीमती एनेरिया बाएस यांस,

धाकटा भाऊ लुदोविनो याचा नमस्कार. थोरल्या बहिणीकडे आशीर्वाद मागायची आपल्या घरची रीत आहे, म्हणून मागतो. द्यायचा की नाही ते आपण ठरवावं. (चार वर्षं आपल्यात बोलणं नाही, म्हणून ‘आपण’ लिहितो आहे. आपली भावजय कोन्फेसोरा खांद्यावरून डोकावून म्हणाली, "सख्ख्या बहिणीला ‘आपण’? बँकेला लिहिताय की काय?" तिला मी स्वयंपाकघरात जायला सांगितलं आहे. गेलेली नाही.) आपला गुडघा कसा आहे? सांतियागोतल्या त्या घराला एकवीस पायऱ्या आहेत, त्या मोजून चढत जाव्यात. भाऊजींनी मीठ सोडलं असं ऐकलं. मिठागरवाल्यांच्या जावयाने मीठ सोडावं याचं वाईट वाटलं, पण तब्येत आधी. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत.

हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. आपल्या पपांवर चोरीचा आळ आला होता आणि तो मी कसा उतरवला, एवढं त्यांच्या थोरल्या मुलीला कळायला हवं, म्हणून लिहितो.

झालं असं की मार्चमध्ये विजेचं बिल आलं एकाहत्तर हजार पेसोंचं. दर महिन्याला बाराशेच्या आतबाहेर येतं. मी आधी पाकिटावरचं नाव पाहिलं. वाटलं, बर्फाच्या कारखान्याचं बिल चुकून इकडे आलं असेल. पण नाव पपांचंच होतं, सेकुंदिनो बाएस. (त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी मीटर त्यांच्याच नावावर आहे. बदलायचं राहून गेलं असं मी लोकांना सांगतो.) घरात आहे काय? एक फ्रीज, दोन पंखे, कोन्फेसोराची इस्त्री आणि एक रेडिओ, तोही बेसबॉलचे सामने असतात तेवढाच लागतो. एवढ्यावर एका महिन्यात सहा हजारांहून जास्त युनिटं जाळायची तर सगळ्या गावाने आमच्याकडे कपडे इस्त्रीला आणून टाकायला हवेत.

आता मी म्हणजे काही आकड्यांना घाबरणारा माणूस नाही. एकतीस वर्षं मिठागराच्या काट्यावर उभा होतो, एक किलोचाही फरक कुणाला पचू दिला नाही. मीटर कंपनीने केव्हाच घरातून काढून समोरच्या खांबावर दोन पुरुष उंच नेऊन बसवलंय, आम्ही हात लावू नये म्हणून. पण मी दर महिन्याच्या एक तारखेला अंगणातून दुर्बीण लावून त्याचा आकडा पाहतो आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतो. (शेजाऱ्यांना वाटतं मी पक्षी बघतो. वाटू दे.) बिलावर आकडा होता ४७७०६. माझ्या कॅलेंडरवर ४१७०६. कळलं ना? एकाचा सात झाला होता! रीडिंग घ्यायला येणारा विल्किन मोटारसायकलवरून उतरत नाही, हेल्मेट काढत नाही, गाडी बंदही करत नाही. मान वर करतो, लिहितो, पुढे जातो.

मी कॅलेंडर काखोटीला मारून ऑफिसात गेलो. खिडकीवर योकास्ता नावाची मुलगी असते, स्वभावाने गोड, नखांवर समुद्रघोडे रंगवलेले. म्हणाली, "काका, तक्रार खातेदारानेच करायची असते. खातेदार कोण?"

"सेकुंदिनो बाएस."

"मग त्यांना पाठवा."

"त्यांना जमणार नाही."

"आजारी आहेत?"

"आता नाहीत."

"मग काय अडचण आहे? म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी खिडकी आहे आपल्याकडे." तिने कॉम्प्युटरवर त्यांचं वय काढलं आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिली. "एकशे सात! काका, काय खातात हो ते?"

ताई, (बघ, ‘आपण’ सुटलं, खोडत नाही, कागद महाग आहे) मला त्या पोरीला खरं सांगवेना. एकोणीस वर्षांनी कुणीतरी पपांबद्दल वर्तमानकाळात विचारत होतं. मी म्हटलं, "सकाळी कच्च्या केळ्यांचं मांगू आणि तळलेलं चीज." ते खरंच होतं. आणि घरी आलो.

एप्रिलमध्ये विल्किनने बहुधा डोळे धुतले असावेत, कारण त्याने आकडा बरोबर लिहिला. त्यानेच घात झाला. मार्चात सत्तेचाळीस हजार आणि एप्रिलात एक्केचाळीस हजार, म्हणजे मीटर उलटं फिरलं. आणि मीटर आपणहून उलटं फिरत नाही, कुणीतरी फिरवतं, असा हिशेब कॉम्प्युटरने केला. नोटीस आली: ‘श्री. सेकुंदिनो बाएस, आपण मीटरशी छेडछाड करून वीजचोरी केल्याचा संशय आहे. आपण प्रत्यक्ष हजर राहून खुलासा करावा.’ ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला आंबा उचलला नाही, त्याला! आणि तेही खांबावर चढून, एकशे सातव्या वर्षी!

कोन्फेसोराने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "अहो, पण सासरे चढले असते. रागावले असते तर चढले असते."

योकास्ताने मार्ग काढला. म्हणाली, काका, चोवीस हप्ते करून देते, महिन्याला थोडं थोडं भरा, नोटीस आपोआप बंद होईल. मी तिला म्हटलं, पोरी, हप्ता भरला म्हणजे चोरी कबूल केली. एक पेसो भरणार नाही. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "भरून टाका हो, सगळेच भरतात." मी वळून म्हटलं, "म्हणूनच सगळ्यांना पाठवतात."

बोलायला छान वाटलं. चार मेला लाइट तोडायला माणसं आली. मी दारात हाताची घडी घालून उभा राहिलो आणि माझ्या बायकोने त्यांना कॉफी दिली. मी चिडलो, तर म्हणते, "उन्हात आलेत बिचारे. त्यांनी का तुमचा एकाचा सात केलाय?" लाइट तोडून, कप धुऊन, तिला दुवा देऊन गेले.

त्यानंतर एकेचाळीस दिवस आमच्या घरात वीज नव्हती. शेजारचा वायर टाकून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. चोरीचा आळ असलेल्या घरात वायर कुठून आली म्हणून उद्या विचारतील. फ्रीजमध्ये मी कॅलेंडरं आणि नोटिसा ठेवल्या, उंदीर लागू नयेत म्हणून. कोन्फेसोराने मासळी शेजारी ठेवली आणि इस्त्रीचं गिऱ्हाईक सोडलं. अडतिसाव्या दिवशी, घामाने भिजून पुठ्ठ्याने वारा घेताना म्हणाली, "मला एवढंच सांगा, भांडण कंपनीशी आहे की कुणाकडे तरी मान वाकवायची वेळ येईल त्याची भीती आहे?" मी म्हटलं, "पपांच्या नावाचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "मग पपांना घेऊन जा."

ती चेष्टेनेच म्हणाली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीतली तसबीर खाली काढली (पांढऱ्या सुटातली, ज्यात ते फोटोग्राफरवर रागावलेले दिसतात), पुसली, गुआगुआ बसमध्ये खिडकीकडची जागा दिली आणि थेट योकास्ताच्या खिडकीवर उभी केली. "हे घे. खातेदार हजर आहेत."

ती बिचारी तसबिरीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, फोटो चालत नाही. ओरिजिनल लागतं."

"ओरिजिनल एकोणीस वर्षांपूर्वी पुरलंय."

रांग हसली. योकास्ता हसली नाही; तिचे डोळे भरले, कारण मांगू आणि चीज तिने आपल्या आजोबांनाही सुरू केलं होतं. मी तिची माफी मागितली, पण तसबीर हलवली नाही. संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत आम्ही दोघे बसलो, मी आणि पपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक म्हातारी कोळीणबाई आली, तिने पपांना ओळखलं, क्रूसाची खूण केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सेकुंदिनो चोर? मी ह्याला जास्त दिलेला अर्धा पेसो ह्याने चार मैल चालत येऊन परत केला होता!" (खरं म्हणजे पाव पेसो होता आणि अंतर दोन मैलांचं होतं. मी दुरुस्त केलं नाही.) तिसऱ्या दिवशी लोक रांगेत लागण्याआधी पपांना नमस्कार करायला लागले, आणि मग मोठे साहेब आतून बाहेर आले. चष्मा लावून तसबीर पाहिली, चष्मा काढून मला पाहिलं, म्हणाले, "चला. काय ते खांबावर बघू."

साहेबांच्या गाडीत मी, पपा आणि मागे शिडी. विल्किनला बोलावून घेतलं. त्याला मी प्रथमच हेल्मेटशिवाय पाहिलं; कान मोठे आहेत आणि माणूस वाईट नाही. शिडीवर साहेब स्वतः चढले. वरून ओरडून आकडा वाचला, एक्केचाळीस हजार आठशे एक्क्याऐंशी. मी खालून कॅलेंडर उघडून दाखवलं: ज्या दिवशी लाइट तोडली त्या दिवशीचा तोच आकडा. विल्किन म्हणाला, "साहेब, मार्चात तो सात होता." यावर कोन्फेसोरा कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर येत म्हणाली, "मग काय, तुला बघून लाजला आणि एक झाला?"

त्याच दुपारी लाइट आली. आठवड्याने पत्र आलं, शिक्क्याचं, सहीचं: ‘श्री. सेकुंदिनो बाएस, आपणावरील संशय पूर्णपणे मागे घेत आहोत. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो.’ मी ते चौकट करून लावलं आहे, तसबिरीशेजारीच.

पण साहेब शिडीवरून उतरताना अजून एक गोष्ट बोलले होते. माणूस वारलाय हे आता कागदावर आलं, म्हणून तीस दिवसांत मीटरचं नाव बदलावं लागेल. ताई, मी कंपनीला हरवलं आणि त्या नादात पपांचं नाव घालवून बसलो. दर महिन्याला पोस्टमन फाटकातून हाक मारायचा, "सेकुंदिनो बाएस!" आणि मी आतून म्हणायचो, "हो, आहेत." बदलायचं राहून गेलं नव्हतं. मी बदलत नव्हतो.

असो. हरलो असं समजू नकोस. मान अजून ताठ आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
लुदोविनो

ता. क. सोबत नावबदलाचा अर्ज आहे. वारस दोन, म्हणून सह्या दोन. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तू करायची.

ता. क. २ ‘नवीन खातेदार’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं आहे. याला प्रेम वगैरे समजू नये. सत्तरीच्या वरच्या खातेदाराला बिलात सूट मिळते असा कागद योकास्ताच्या खिडकीवर लावला आहे. तू एकाहत्तर, मी सदुसष्ट. घर विकायचं म्हणालीस तेव्हा मी जे बोललो, की या घरात तुझं आता काहीही नाही, त्याचा या रकान्याशी संबंध नाही. ते बोलणं चुकीचं होतं, हा वेगळा विषय आहे.

ता. क. ३ सही करायला प्रत्यक्ष यावं लागतं. पोस्टाने चालत नाही. नियम फार कडक आहे.

(हे मी, कोन्फेसोरा, लिहिते आहे. आमचे हे पाकीट शोधायला गेलेत. वन्सं, पोस्टाने चालतं. मी विचारून आले. तरी या.)