इथे घोषणा होत नाहीत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला शिस्त हवी.
ही लेकीकडे गेली त्याला बरेच दिवस झाले. हवापालटासाठी गेली आहे. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली हे खरं, पण हवापालटात विरंगुळा लागतोच.
रात्री लेकीचा फोन. म्हणते, आई रविवारी इकडे खोली भाड्याने घेतेय, शिवणकामाला आणि राहायलाही. शनिवारी तुम्ही आलात, समोर बसून बोललात, तरच ती थांबेल. तसं आईनेच सांगितलंय. मी विचारलं, बोलू काय? म्हणाली, ते तुमचं तुम्ही ठरवा. हल्लीची मुलं कशात मदत करत नाहीत.

४ मार्च
सगळं ऑपरेशनवरून झालं. हिचं पित्ताशय काढलं तेव्हा मी खाली कँटीनमध्ये होतो. शुद्धीवर आली तर जवळ कुणी नाही. पण मला वर बोलावलंच नाही कुणी! भिंतीभिंतीवर स्पीकर होते, नाव पुकारायला काय झालं होतं? ही घरी आल्यावर म्हणाली, प्रत्येक वेळी बोलवावंच लागतं का हो तुम्हाला?  प्रश्न नीट कळला नाही. अजूनही नाही.
मी बसस्टँडवर उद्घोषक होतो. सगळी नोकरी माइकसमोर. माझ्या आवाजावर गाड्या सुटायच्या. घोषणा झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही शिस्त. घरीसुद्धा. अहो, चहा झालाय. अहो, पान वाढलंय. अहो, निघायचंय ना? हिची हाक आली की मी उठणार, हे ठरलेलं. यात आळस कुठे आला?

५ मार्च
जावईबापूंनी त्यांच्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर तिकीट काढून पाठवलं. बिझनेस क्लास! विमानाआधी आरामात बसायला लाऊंजसुद्धा. माणसाची किंमत कळते त्यांना. लेक म्हणाली, गुडघ्यांसाठी काढलंय, लांब पाय करून बसा.
हिच्यासमोर करायचं भाषण लिहायला घेतलं. माफी हा शब्द टाळूनही बरंच लिहिता येतं.

७ मार्च
भाषणाचा सराव. आरशासमोर. दूध उतू गेलं.
‘तुला त्रास झाला असल्यास’ यातला ‘असल्यास’ खोडला. माझ्याकडून ही फार मोठी तडजोड आहे.

८ मार्च, शनिवार. सकाळी १०
लाऊंज. विमान दीडला. आज मला कुणी उशीर केला म्हणून दाखवावं!
काउंटरवरची मुलगी सारखी सर, सर करत होती. बोटाने कुठेतरी दाखवून काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली. गालिचा इतका जाड की स्वतःची पावलं ऐकू येत नाहीत. सूप घेतलं. पुन्हा घेतलं. मधाच्या इवल्याशा बाटल्या होत्या, दोन खिशात टाकल्या. हिला असल्या लहान वस्तू फार आवडतात.

११.१५
पाय वर करायची खुर्ची मिळाली. माणसं मध्येच उठतात आणि चालू लागतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. व्यवस्थापन ढिसाळ.

१२.१०
भाषण तोंडपाठ. शेवटचं वाक्य नवीन घातलं: घरी चल, तुझ्यावाचून करमत नाही. कसं वाटतं पाहावं म्हणून मोठ्याने म्हटलं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एसीमुळे.

१२.५०
अजून घोषणा नाही. विमान लेट दिसतंय. आमच्याकडे गाडी लेट असली तरी आम्ही सांगायचो.

१.१०
बोर्डावर एका ओळीत लाल अक्षरं लागली आहेत. चष्मा बॅगेत. आता कोण उठणार? महत्त्वाचं असेल तर बोलतीलच.

१.४०
चौकशी केली. विमान गेलं.
काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, सर, इथे घोषणा होत नाहीत, लोकांना शांतता हवी असते. आल्या आल्या सांगितलं होतं मी. पाटीसुद्धा आहे. पाटी माझ्याच खुर्चीच्या डोक्यावर होती. आज दुसरं विमान नाही.
तक्रार लिहायला कागद मागितला. तिने दिला. कोरा परत केला.

४.००
लेकीला फोन केला. विमान गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. विमानतळावर न्यायला येणार होती. तुमच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवायची का, म्हणून दोनदा विचारलं तिने.
मी म्हटलं, तिला दे.
ही फोनवर आली. नुसता श्वास ऐकू आला. मला सगळं भाषण पाठ होतं. शेवटचं वाक्यसुद्धा. आणि तोंडातून निघालं, प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. स्टँडच्या आवाजात. आम्ही!
ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवून घ्या.
अहो म्हणाली नाही. म्हणेल म्हणून मी फोन कानाला धरून उभा होतो. फोन केव्हाच बंद झाला होता.
रडू आलं. मी विमानतळाबाहेर पायऱ्यांवर होतो. तिथे एसी नव्हता.

९ मार्च, रविवार
लेकीचा मेसेज. करार झाला. खोलीची खिडकी मोठी आहे, आईने मशीन तिथेच लावलं. बाबा, आता लगेच येऊ नका, आईच म्हणतेय.
लगेच नको म्हणाली आहे. कधीच नको असं म्हणालेली नाही. नोंद असावी.
मधाच्या बाटल्या फळीवर ठेवल्या. तिला दिसतील अशा.
दुपारी बाहेरच्या खोलीत बसून होतो. चारचे पाच झाले, चहाची हाक नाही. शेवटी मीच आवाज दिला: अहो, चहा झालाय.
उठून आत गेलो. झाला नव्हता.
आवाज मात्र अजून स्वच्छ आहे.