चपट्या तोंडाचा ट्रक आणि कॉफीचं मशीन

३ ऑगस्ट २०२५

आजही सुरू झाला नाही!

सेल्फ मारला — घर्र. पुन्हा मारला — घर्र. मग नुसतं ‘टक्’, आणि बॅटरीनं मान टाकली. गुरुप्रसाद शांतपणे म्हणाला, “बरुत्ते, बरुत्ते.” येईल, येईल. गेली तीन वर्षं येतंच आहे.

बंगळुरात के. आर. पुरमच्या शेडमध्ये दर रविवारी पन्नाशी उलटलेले दोन इसम एका १९७१ सालच्या ट्रकपुढे भक्तिभावाने उभे राहतात. एक मी. दुसरा गुरुप्रसाद — कारखान्यात वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाला होता. तिथे त्याने माझ्याकडून मराठी उचललं आणि मी त्याच्याकडून चिकाटी. मराठी त्याला जास्त लागू पडलं.

ह्या जातीच्या ट्रकला नाक नसतं. इंजिन पुढे काढलेलं नाही. ते केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. दोघांच्या मांडीला मांडी लावून. उन्हाळ्यात भाजतं, थंडीत ऊब देतं, बोलू मात्र कुणालाच देत नाही. लग्नात नवरानवरीच्या मधे बसून राहणाऱ्या आत्यासारखं.

नयना म्हणते, “तुमच्या दोघांपेक्षा गंज त्यालाच कमी आहे.” बायको आहे, म्हणून खरं बोलते.

९ ऑगस्ट

शेड जाणार. मालक आज गोड हसत आला — तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिथे अकरा मजली इमारत होणार आहे. नाव म्हणे ‘प्रशांती ग्रीन्स’. सध्या तिथे जी दोन झाडं आहेत ती तोडून मग ग्रीन्स.

दसऱ्याच्या आत जागा रिकामी हवी.

बनशंकरीच्या आमच्या पार्किंगात स्कूटर तिरकी केल्याशिवाय कार मावत नाही. गुरुप्रसादच्या गल्लीत पालिकेची कचरागाडीसुद्धा मागे मागे जात बाहेर पडते. बंद पडलेला ट्रक रस्त्यावर उभा केला तर आठवड्याभरात त्याचे टायर दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकला दिसतील. म्हणजे छप्पर मिळालं तर ठीक, नाहीतर भंगार. गॅस कटरने तुकडे, मग वजनकाटा.

गुरुप्रसादला म्हटलं, आता? तो म्हणाला, “स्वल्प थांब.” आणि नोझल साफ करत बसला.

१७ ऑगस्ट

आमची कन्या वल्लरी कोरमंगलाला एका स्टार्टअपमध्ये आहे. लोकांना पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप काढतात ते. होय, तहान लागली की. त्यासाठी दोनशे माणसं कामाला आहेत.

आज तिने तिच्या साहेबांना शेडवर आणलं. ईशान. मूळचा पुण्याचा, वय वर्षं एकतीस, पायात चपला आणि मनगटावर माझ्या पेन्शनीच्या ऐपतीबाहेरचं घड्याळ. ट्रक बघून दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“काका! सो रॉ! सो ऑथेंटिक!”

मी म्हटलं, “बसून बघ.” बसला. झाकणावर हात ठेवून म्हणाला, “आणि हे काय आहे?”

“इंजिन.”

“अच्छा, इथे असतं? परफेक्ट हाइट आहे! इथेच कॉफी मशीन बसेल.”

त्याला नव्या ऑफिसच्या दारात ट्रक हवा आहे. केबिनमध्ये कॉफी काउंटर, मागच्या हौद्यात बसायला गाद्या. पाणी प्यायची आठवण करून देणाऱ्यांना कॉफीचा ट्रक! इंजिन मात्र नको. वास येतो म्हणे.

निघताना वल्लरी हळूच म्हणाली, “बाबा, निदान तुकडे तरी होणार नाहीत. विचार कर.”

१८ ऑगस्ट

विचार केला. संताप आला. पुन्हा विचार केला. पुन्हा तोच.

२४ ऑगस्ट

नाक मुठीत धरून हो म्हणालो. ट्रकला नाही, म्हणून माझंच.

एकच अट घातली: कापाकापी नाही. जे काढायचं ते बोल्ट खोलून काढायचं, आणि इंजिन मी ठेवणार. ईशान म्हणाला, “काका, ऑफकोर्स! इंजिन तुमचंच. आम्हाला फक्त व्हाइब हवी.”

७ सप्टेंबर

इंजिन उतरवलं. चेन पुलीला लटकताना ते एवढंसं दिसलं. तीन वर्षं ज्याच्यापुढे ओणवे झालो ते हेच?

त्याच वेळी सिद्धी नावाची सजावटवाली आली. चांगली मुलगी. आम्ही घासून, लांबी भरून, तीन हात देऊन आरशासारखा केलेला निळा रंग तिने बोटाने चाचपला आणि चेहरा पाडला.

“अंकल, इसका रस्ट कहाँ गया?”

“निकाल दिया.”

“ओह नो!”

मग तिने मिठाचं पाणी, तपकिरी रंग आणि स्पंज मागवला. तीन वर्षं खरवडलेला गंज दोन माणसं दुपारभर परत लावत होती. गुरुप्रसाद स्टुलावर बसून बघत होता. शेवटी न राहवून उठला आणि त्यांना म्हणाला, “मडगार्डच्या आतल्या बाजूला जास्त लावा. गंज तिथून सुरू होतो.”

लावायचाच तर नीट लावा! ह्या माणसाचं काय करावं?

८ सप्टेंबर

इंजिन आमच्या पार्किंगात, जुन्या चादरीखाली. नयनाने चादर आपणहून दिली, हा प्रेमाचा भाग. फुलाफुलांची दिली, हा टोमण्याचा.

सोसायटीचे सेक्रेटरी पद्मनाभ लगेच खाली आले. “सर, पार्किंग वाहनांसाठी आहे.”

“हे वाहनच आहे. बाकीचं कोरमंगलाला निघालंय.”

ते चादरीकडे पाहत म्हणाले, “तर मग स्वल्प भिंतीकडे सरकवा.” सरकवा! साडेपाचशे किलो. मी म्हटलं, सरी सर. बरं सर.

२१ सप्टेंबर

ट्रेलरवरून ट्रक पोहोचवला. ऑफिसच्या दारापुढे उतार आहे, थेट फाटकापर्यंत. तिथेच उभा करायचा म्हणे, रस्त्यावरून दिसला पाहिजे. मी चारही चाकांपुढे लाकडी ठोकळे ठोकून बसवले आणि चौकीदारापासून साहेबापर्यंत सगळ्यांना बजावलं — ह्यांना हात लावायचा नाही.

आत पाहतो तर हँडब्रेकचा दांडा गायब! सिद्धीने काढून टाकलेला. दुधाचा फ्रिज बसत नव्हता.

“अंकल, पार्क ही तो है. ब्रेक का क्या काम?”

तिला समजावलं. ब्रेकला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला इंजिन. इंजिन बनशंकरीत चादर पांघरून झोपलं आहे. म्हणून निदान हँडब्रेक हवा. तिने मान डोलावली. मग विचारलं, पेडल ठेवू की तेही काढू? म्हटलं, ठेव. शोभेला.

१ ऑक्टोबर

आयुधपूजा. म्हणजे आपली खंडेनवमी.

ऑफिसात लॅपटॉपना कुंकू, प्रिंटरला झेंडूचा हार. ट्रकला केळीचे खुंट बांधले, काचेवर हळदीची बोटं, चारही चाकांखाली लिंबं. पोरीबाळी साड्या नेसलेल्या. मला आणि गुरुप्रसादला पाहुणे म्हणून बोलावलेलं. ईशान सिल्कचा कुडता घालून रीलसाठी ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीशेजारी कॉफीचं मशीन.

भटजींनी कोहळा फोडला आणि म्हणाले, “हां, आता गाडी पुढे घ्या.”

मी म्हटलं, “भट्रे, ही जात नाही. हिला इंजिन नाही.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी नवरदेव आणायचाच विसरलो. “लिंबू चिरडल्याशिवाय पूजा कशी पुरी होणार?”

तोडगे निघाले. लिंबं हाताने चिरडावीत का? अशुभ. दुसऱ्या गाडीखाली ठेवावीत? मग पूजा त्या गाडीची! ह्यावर दोनशे उच्चशिक्षित माणसांत चर्चा झाली. शेवटी वरून ईशान ओरडला, “अरे ढकला ना! चार इंच फक्त! काका, चिल!”

“ठोकळे काढू नका!” मी मराठीत ओरडलो. मग कन्नडमध्ये. मग हिंदीत. तोवर चारही ठोकळे कुणीतरी उत्साहाने काढले होते आणि पंधरा जणांनी मागून खांदा लावला होता.

चार इंच गेला. लिंबं चिरडली. टाळ्या पडल्या. मग कुणीही न ढकलता आणखी चार इंच. टाळ्या चालूच. मग एक फूट —

मग टाळ्या थांबल्या.

चपट्या तोंडाच्या ट्रकमध्ये बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे एक पत्रा आणि एक काच, बस. पुढे जे येतंय ते सगळ्यात आधी तुम्हालाच भेटतं. ईशान शोभेचं पेडल दोन्ही पायांनी दाबत होता. मी बाजूने धावत होतो — ह्या वयात, सिल्कच्या लुंगीत! फाटकातून दोघे चौकीदार दोन दिशांना उडाले. ट्रक बाहेर, रस्ता आडवा पार, आणि समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात तोंड खुपसून थांबला. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा, म्हणून वाचलो सगळे.

कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. ईशानच्या कुडत्यावर अर्धा लिटर दूध, तेवढंच.

आणि हे फक्त इथे लिहितो. धावताना मी पाहिलं — तो सरळ चालला होता. रेषेत! डावीउजवीकडे इंचभर ओढत नव्हता. स्टिअरिंगवर आम्ही घालवलेला अख्खा पावसाळा मला तिथे दिसला. पहिल्यांदाच त्याला चालताना पाहिलं, आणि माणूस आत अडकलेला असताना माझ्या मनात काय यावं? काय देखणा चालतो!

गुरुप्रसाद मागून धापा टाकत आला. म्हणाला, “अलाइनमेंट बरोबर आहे.”

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला कुणी आलं नाही. ईशानच्या ऑफिसातून मेल मात्र आला — ‘असेट’ लवकरात लवकर हलवावा. कुठे? ते त्यात नाही.

५ ऑक्टोबर

शेड पाडायला सुरुवात झाली. भंगारवाला आज कोरमंगलाला वाळूत अडकलेल्या ट्रकभोवती एक फेरी मारून गेला. जाताना बंपरवर थाप मारली. खाटीक मारतो तशी.

१० ऑक्टोबर

वल्लरी सांगत होती, ते रील लाखो लोकांनी पाहिलं. पाणी प्यायच्या ॲपचा ब्रेक नसलेला ट्रक! देशभरातली तहानलेली जनता लोटली आहे. आता गुंतवणूकदारांना तो ट्रक फार आवडू लागला आहे. आणि हो, तोंडावरचा चेपलेला भाग मुळीच सरळ करायचा नाही — निरोप आहे.

१२ ऑक्टोबर

ईशानने आम्हा दोघांना इडली खायला बोलावलं. सिल्क नाही, साधा टीशर्ट. मुद्द्यावर आला.

“काका, तो ट्रक तुम्ही परत घ्या. इंजिन लावा, चालवा, काय हवं ते करा. होसकोटेला आमचं गोडाऊन आहे, अर्धं रिकामं. तुम्हाला देतो. छप्पर, वीज, सगळं.”

मी गुरुप्रसादकडे बघितलं. तो सांबाराकडे बघत होता.

“बदल्यात?”

“पुणे, हैदराबाद, चेन्नई, गुरगाव, कोची. पाच ऑफिसं, पाच ट्रक. सेम चपटं तोंड, सेम रस्ट. कॉफी मशीन. इंजिन काढून. आणि काका, ह्या वेळी हँडब्रेक राहू दे.”

मी म्हणालो, “विचार करतो.” समोरची इडली संपेपर्यंत केला. मग म्हणालो, “सरी.”

आमच्या ट्रकला छप्पर मिळालं. मिळालं!

बाहेर आल्यावर गुरुप्रसादने बोटं मोजली. मग म्हणाला, “पाच कुठून आणायचे?”

“मिळतील. वीटभट्ट्यांवर असतात.”

“ते चालते असतात.”

“सगळे नसतात.”

१३ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाने वार्षिक अंकासाठी विनोदी लेख मागितला आहे. विषय सुचवलाय — ‘स्टार्टअपवाल्यांची फॅशन’. म्हटलं, ह्या वर्षी जमणार नाही.

संध्याकाळी वल्लरी आली. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी.

“बाबा, तू हो म्हणालास?”

“आपला वाचला ना!”

“हो,” ती म्हणाली. “आपला.” आणि आत आईकडे गेली.

२६ ऑक्टोबर

होसकोटे. आमचा ट्रक आत, कोरड्यात. त्याचं इंजिन परत बसवलं. तेल, डिझेल, नवी बॅटरी. सेल्फ मारला — घर्र. घर्र. घर्र.

“बरुत्ते,” गुरुप्रसाद म्हणाला.

९ नोव्हेंबर

पाचांतला पहिला आला. क्रेनने आणला, बॅटरी कुणीतरी विकून खाल्लेली. इंजिन उतरवण्याआधी, उगीच, आमची बॅटरी त्याला लावली आणि सेल्फ मारला.

पहिल्याच फटक्याला सुरू.

मी बंद केलं. पाना मागितला.