तिण्णैवरून पाहिलेलं सासर

३ मार्च, मंगळवार

अम्मा आजही नीट बोलली नाही. म्हणजे बोलली, पण सगळं भाजीबद्दल. वांगी किडकी निघाली, कोथिंबीर महाग. मी जाफन्याला जाऊन येते असं शुक्रवारी म्हटलं, तेव्हापासून हे असं.

मी काही जगावेगळं मागत नाहीये. लग्न वैशाखात करायचं म्हणतात. "करायचं म्हणतात" इतकंच, कारण अम्माने अजून हो म्हटलेलं नाही. नुसती मान हलवली, आणि तिच्या मान हलवण्याचे दोन्ही अर्थ होतात. कजनला मी प्रत्यक्ष एकदाच भेटलेय. दोन वर्षांपूर्वी गोविंदपुरम्‌ला, विठोबाच्या देवळात, भजनाच्या सप्ताहात. जाफन्याच्या मंडळींबरोबर मृदंग वाजवायला आला होता. मंडपात अप्पा गात होते, मी टाळ धरून. पुढचं सगळं फोनवर.

आता त्या आवाजाशी लग्न करून समुद्रापलीकडे जायचं, त्याच्या आईच्या घरात राहायचं. आधी एकदा समोर बसवून बघू तरी दे.

(पुण्यात कॉलेजची दोन वर्षं काढली त्याचा एक फायदा: ही वही तिथल्या मराठीत लिहिते. तमिळ मुलखात पिढ्या गेल्या, घरात मराठी बोलतात पण देवनागरी भराभर कोणी वाचत नाही. बिनधास्त.)

५ मार्च, गुरुवार

दुकानात गर्दी. सकाळपासून कॉफी दळतेय, केसांतसुद्धा वास. अप्पा गिरणीचा आवाज चालू असतानाच बोलले, म्हणजे घरात ऐकू जाणार नाही म्हणून. आमचं घर दुकानाच्या मागेच.

"रुक्मिणी काय माहेरीं बसून राहिली होती?"

"अप्पा, हे अम्माला सांगा."

"सांगितलें. ती म्हणते, ती देवी, तिला विचारणारें कोण."

हसू आलं, पण रडूही. तिसाव्या वर्षी परवानगी मागत बसलेय. न विचारता गेले तर कोणी बांधून ठेवणार नाही, ठाऊक आहे. पण तसं गेले तर अम्मा लग्नात येईल आणि एक शब्द बोलणार नाही. ते मला सोसायचं नाही.

क.चा फोन. त्याने नेहमीप्रमाणे तासभर बडबड केली. शाळेतली पोरं, बीजगणित, शेजाऱ्याचा बैल. मागे तोच खर्रर्र खर्रर्र आवाज. लाइन इतकी वाईट, तरी माणूस थकत नाही.

८ मार्च, रविवार

सुटले.

दुपारी पापड वाळत घालताना अम्मा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जाऊन ये. पण त्यांचा उंबरा ओलांडायचा नाहीं."

मला कळेना. मग तिने समजावलं, चिडूनच. नवी सून पहिल्यांदा घरात येते ती उजव्या पायाने तांदळाचं मापटं लवंडून. "त्या उंबऱ्यावर तूं आधींच येऊन-जाऊन राहिलीस, तर मग त्या दिवशीं लक्ष्मी कोण? पाहुणी लक्ष्मी होत नाहीं. तिण्णैवर बैस, तिण्णैवर जेव, नीज शेजारीं कोणाकडे. आणि पाडव्याला घरीं पाहिजेस."

तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. जावयाची वाट बघायला, भिकाऱ्याला भात घालायला, आणि आता सुनेला बसवायला.

मी चटकन हो म्हटलं. ती पापडाला हो म्हणायला सांगती तरी म्हटलं असतं. क.ला सांगितलं. तो खूप हसला आणि म्हणाला, पेरियम्मा (त्याची मावशी) शेजारीच राहते, झोपायची सोय तिथे. सोपं आहे.

११ मार्च, बुधवार

सोपं कसलं. पहाटेच्या बसने नागपट्टणम्, बंदरावर पोचलो तर वारा फार, बोट आज नाही. अप्पा सोबत होते. किनाऱ्यावर वडे खाल्ले, परत फिरलो. अम्माने दार उघडलं आणि काही विचारलं नाही. पण तिचा चेहरा उजळलेला, तो मी पाहिला. राग आला. मग वाटलं, हिला मी दूर जायला नकोय, बस्स. मापटं-बिपटं नंतरचं.

१३ मार्च, शुक्रवार. कांकेसन्तुरै

पोचले!

बोटीत अर्धे लोक पिशव्या तोंडाला लावून. मी नाही, उगाच अभिमान वाटला. पलीकडे उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने तमिळमध्ये विचारलं, कशासाठी आलात?

"ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला भेटायला."

"आधी किती वेळा भेटलात?"

"एकदा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला, म्हणाला, "मग नीट बघून घ्या." एवढं सरळ आशीर्वादासारखं अजून मला कोणी काही बोललं नव्हतं.

क. फाटकाशी उभा. आठवणीपेक्षा बारीक, कानामागे पांढरे केस. "आलीस," म्हणाला. माझी बॅग रिक्षात टाकली. नंतर घर येईपर्यंत गडी गप्प. मी बोलत होते, तो "हं".

१४ मार्च, शनिवार

वाईट दिवस. लिहून टाकते.

क. अजून गप्पच. फोनवर तास तास बोलणारा माणूस समोर बसून चटईच्या काड्या मोजतो. मी विचारलं की उत्तर देतो, दोन शब्दांत. हाच का तो?

आणि मामी (सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात). त्याच्या आईचे गुडघे गेलेत, ती दाराच्या आत खुर्ची टाकून बसते. काल मी तिण्णैवरून नमस्कार केला. "आत ये," म्हणाली. मी सांगितलं, आमच्याकडे अशी रीत आहे, लग्नाआधी उंबरा नाही. तिने मान वळवली. आज दुपारी केळीचं पान बाहेर आणून क.ने वाढलं, मी जेवले, आणि आतून तिचा आवाज आला, मला नाही, भिंतीला:

"आमच्या घरात मासे शिजतात. त्यांना चालत नसेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथूनच म्हटलं, मामी, तसं नाही हो. पण जितकं समजावून सांगावं तितकं खोटं वाटायला लागलं, मलाच. मराठी लोक, वर वैष्णव, वर कॉफीचं दुकान आणि वर "आमची रीत". मीही तिच्या जागी असते तर हेच समजले असते.

पेरियम्माच्या अंगणातून अम्माला फोन लावला. म्हटलं, सोड ना ते उंबऱ्याचं, इथे गैरसमज होतोय.

"शब्द दिलास कीं नाहीं?"

"दिला."

"मग." आणि फोन ठेवला.

उद्या सरळ आत जावं का? कोणाला कळणार आहे. मला कळेल, आणि अम्माच्या तोंडाकडे बघता येणार नाही. बोट बुधवारी आहे. आज असती तर आजच परत गेले असते.

१५ मार्च, रविवार

देवा रे. काय सांगू.

सकाळी तिण्णैवर तोंड पाडून बसले होते. आतून तो आवाज. खर्रर्र खर्रर्र. फोनमधला! लाइन नव्हे ती. नारळ खवत होता.

मी ओरडले, "कजन, ते बाहेर आण." आला, खवणी घेऊन, अर्धा नारळ हातात, लाजलेला. आईचे गुडघे गेल्यापासून घरचा सगळा सैपाक तोच करतो. शाळेतून येऊन खवणीवर बसायचं, फोन कानाशी खांद्याने धरायचा आणि मला फोन. दोन वर्षं. मला म्हणे सांगायची लाज वाटली, तुमच्याकडचे लोक काय म्हणतील.

खवणी तिण्णैवर टाकून बसला आणि बोलायला लागला. तोच. पोरं, बीजगणित, बैल, मध्येच मृदंगाचा एक बोल गुडघ्यावर. हाताला काम असलं की याची जीभ सुटते. हात रिकामे असले की कुलूप. मला काल दिवसभर वाटत होतं की मी चूक केली, आणि नुसता नारळ नव्हता!

इतकी हसले की डोळ्यात पाणी. आतून मामीने विचारलं, काय झालं? क. म्हणाला, काही नाही, हिला नारळ आवडला. तीन नारळ खवले. चटणीला एकच लागत होता.

१६ मार्च, सोमवार

आपली कॉफी आणली होती, अप्पांनी स्वतः भाजलेली. पण करणार कोण? मी आत जायची नाही. सैपाकघराची खिडकी बोळात उघडते, तिथे उंच, आतलं काही दिसत नाही. बोळात उभी राहून मी ओरडतेय, पाणी उकळलं का, आता पूड घाल, दाबू नकोस! आणि आतून क. "दाबली." पहिला घाणा फुकट. दुसरा बरा.

मामीने दाराआड एक घोट घेतला. "हे औषध आहे का?" मग दुसरा घेतला. पेला रिकामा करून परत पाठवला.

क. हळूच म्हणाला, तुला माहीत नाही, तू येणार म्हणून आईने तुझ्या भाजीसाठी नवी मातीची भांडी आणवलीत. त्यात मासा कधी शिजलेला नाही. म्हणून तिला लागलं. ती म्हणे, मी इतकं केलं तरी पोरगी दारातच नाही म्हणते.

हे मला आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. तेव्हा हात रिकामे होते, म्हणाला.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी मी आपणहूनच गेले. उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर बसले, मामीची खुर्ची पलीकडे, मध्ये हातभर अंतर. म्हटलं, मामी, तुमच्या नव्या भांड्यांतली भाजी मी बोटं चाटून खाल्ली. माशाचा काही संबंध नाही. माझ्या आईला वाटतं, मी इथे पाहुणी म्हणून एकदा आत आले तर सून म्हणून यायची गोडी जाईल. ती मला सोडायला तयार नाही आणि अडवताही येत नाही, म्हणून तिने हा उंबरा धरून ठेवलाय.

मामीने खुर्चीचे हात धरले. मग क.ला हाक मारली. त्याच्या खांद्याला धरून उठली, एक एक पाय टाकत उंबरा ओलांडून बाहेर आली आणि माझ्याशेजारी तिण्णैवर बसली. पेरियम्मा म्हणते, पोंगलनंतर बाहेर आली ती आजच.

मग सांगत राहिली. लढाईत हे घर सैन्याच्या हद्दीत गेलं. हे लोक तारेच्या कुंपणाच्या अलीकडे नातलगांकडे. घराचं छप्पर तिथून दिसायचं, जायचं नाही. कित्येक वर्षं. मुलगा लहानाचा मोठा झाला. परत मिळालं तेव्हा दारं-चौकटी काही नव्हतं. हा उंबरा क.च्या वडिलांनी ताडाचं लाकूड आणून बसवला, आणि त्याच पावसाळ्यात गेले.

"घराबाहेर थांबायचं मला नवीन नाही," मामी म्हणाली. "तुझ्या आईला सांग, वैशाखापर्यंत आम्ही थांबू. मापटं मी मोठं आणते."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. दुखऱ्या. तिने "आई गं" म्हटलं आणि डोकं तसंच ठेवू दिलं.

इथे मी राहू शकते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या बोटीत शंका आली तर वाचता येईल.

१८ मार्च, बुधवार

बोट. शंका आली नाही, ओकारी आली. अभिमान गेला. क. फाटकाशी गप्प उभा होता. मी माझी बॅग त्याच्या हातात दिली, म्हटलं धर. मग बोलायला लागला, बोट सुटेपर्यंत.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

घरी. कडुनिंबाच्या फुलांची पचडी, अम्माने माझ्या पानात दोनदा वाढली. अप्पांना काल रात्रीच सगळं सांगितलं. अम्मा ऐकत नाहीसं दाखवून ऐकत होती. आज जेवण झाल्यावर आली.

"उंबरा ओलांडलास?"

"नाही."

"देवाशपथ?"

"अम्मा, नाही."

तिचा जीव भांड्यात पडला, माझाही. मी मामीचा निरोप सांगितला, मोठ्या मापट्याचा. अम्मा मान खाली घालून ताट पुसत राहिली, आधीच पुसलेलं. तारेचं, ताडाच्या लाकडाचंही सांगितलं. म्हणाली, "बहु सोसलें बाईनें." मग थोड्या वेळाने:

"सैपाकघर कसें आहे?"

"पाहिलं नाही."

"पाहिलें नाहीं?"

"आत कशी जाणार?"

"येवढा समुद्र ओलांडून गेलीस, चार दिवस जेवलीस, आणि चूल कोठे, पाणी कोठून येतें, उजेड आहे कीं नाहीं, कांहीं पाहिलें नाहीं? जन्मभर तेथे उभी राहणार तूं!"

अप्पा उठून दुकानात गेले. गिरणी सुरू केली, दुकान बंद असताना. हसत होते, दुसरं काय.

२२ मार्च, रविवार

अम्मा सकाळपासून दिसेना. बाराला आली, नवी साडी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पाकीट. फोटो. पासपोर्टचे. जी बाई मायलाडुतुरैच्या पुढे कधी एकटी गेली नाही, तिचे आठ फोटो. सगळ्यांत एकच चेहरा, भांडायला निघाल्यासारखा.

"तू कुठे निघालीस?"

"पाहून येतें. उंबरा मला काय लागू? मी काय सून आहें?"

क.ला लगेच फोन केला. नारळ खवतच होता. खर्रर्र थांबली. म्हणाला, आईला काय सांगू? म्हटलं, तू आधी सैपाकघर आवर. आणि मामीला म्हणावं, हिला मासे नाहीत, पण नव्या भांड्यांतली भाजी चालेल. तो म्हणाला, आणि कॉफी? म्हटलं, कॉफी ती स्वतः करील, तू फक्त बाजूला हो.

संध्याकाळी अम्माजवळ बसले. म्हटलं, मग वैशाखातलं पक्कं ना? अप्पांना हॉल सांगायचाय.

अम्मा फोटो कात्रीने वेगळे करत होती. "बोटींत फार हलतें काय?"

"वाऱ्यावर आहे."

"लिंबाचें लोणचें घेऊन जाईन," म्हणाली, आणि मान हलवली.