एक तास पस्तीस मिनिटं

प्रिय खिळ्या,

तुझी लेक काल माझ्याकडे आली आणि तू तिच्या मोटरसायकलची फ्रेम करवतीने कापून टाकलीस असं तिने सांगितलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मी सूचना देत सुटते. आज सूचना द्यायच्या नाहीत. चष्मा लाव आणि बसून वाच.

पोरगी रडली नाही. आपल्या घराण्यात रडणं उशिरा येतं. आठ महिने खपून तिने ते पाइप वाकवले होते, आणि वाकवायचं यंत्रसुद्धा घरीच केलं होतं, ट्रकचा जुना जॅक आणि लाकडाचे गोल ठोकळे घेऊन. मी विचारलं, कुणी शिकवलं? तर म्हणते, “कुणी नाही, आत्या. हातांना येतंच.” मग जरा वेळाने म्हणाली, “बाबा ओरडले असते ना, तर चाललं असतं. ते बोललेच नाहीत. तासभर नुसते कापत बसले आणि मी बघत उभी.” जाताना दारात थांबून तिने विचारलं, “त्या अपघातात बाबांचं नक्की काय चुकलं होतं ग? घरी विचारलं की सगळे उठून जातात. तू तरी सांग.” मी तिला म्हटलं, उशीर होतोय, नीघ आता. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे.

आमच्या घरामागची ती खोली तुला आठवते तशीच मलाही आठवते. जमिनीवर जुनं दार आडवं टाकून त्यावर फ्रेम जुळवायची, म्हणजे ती सरळ येते, हा शोध तुझाच. पत्र्याच्या बादलीत मातीचं अस्तर लावून तू भट्टी केलीस आणि तिला वारा घालायला माझं केस वाळवायचं यंत्र पळवलंस. महिनाभर मी ओल्या केसांनी शाळेत शिकवायला गेले. आग विझवायच्या छोट्या बंबाचं नळकांडं कापून सायलेन्सर केलास. दोन पातेली तोंडाला तोंड लावून जोडलीस आणि पेट्रोलची टाकी झाली. तिसरं पातेलं मी वेळीच लपवलं. मी म्हणत असे, हे घर आहे की भंगारखाना? आणि हे आतून ओरडत, “भंगारखानाच! पण मालकीणबाई फार कडक आहेत.”

यांना खरं तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेही कळत नव्हतं. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालणारा माणूस. पण संध्याकाळी बाह्या वर सारून तुझ्यासमोर बॅटरी धरून बसायचे आणि तू मागितलेल्या पान्याऐवजी न चुकता दुसराच पाना द्यायचे. “भाऊजी, हा नाही, अठराचा.” “मेहुणेबुवा, आकडे मला ग्रंथालयात पुरतात, इथे वजन सांगा.” गाडी तयार झाली तेव्हा तू ती स्वतः ठेवली नाहीस. किल्ली यांच्या हातात दिलीस. एवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता. मी तिथे होते, मला माहीत आहे.

पुढचं तुला पाठ आहे. पुढच्या चाकाच्या ब्रेकचा कॅम झिजला. तसल्या जुन्या चाकाला नवा मिळेना, म्हणून तू ट्रकच्या आसाचा तुकडा घेऊन घरी घडवलास. बोटाएवढा तुकडा तो. लिव्हर ओढली की फिरतो आणि चाकाच्या आतले ब्रेक उघडतो. बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात उताराच्या वळणावर यांनी ब्रेक करकचून दाबला आणि तो तुटला. समोर भिंत होती. तपासणीला आलेल्या मेकॅनिकने कागदावर लिहिलं, घरगुती भाग, माल निकृष्ट. त्या चार शब्दांवर तू तुझं लेथ मशीन पोत्यात गुंडाळलंस आणि ते पोतं आजपर्यंत सोडलं नाहीस.

मी गणित शिकवलेली बाई आहे. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरी सांगते, पावणेसहाला, यांच्या घरी परतायच्या वेळेला, ती गाडी अजून येते. बंबाच्या नळकांड्याचा तो घोगरा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही. गल्लीच्या तोंडाशी एकदा अडखळतो, मग दाराशी येऊन थांबतो. मी हातातलं काम टाकून उठते, कडी काढते, आणि दारात कुणी नसतं. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांकडे चौकशी केली, कुणी नवी गाडी घेतली का म्हणून. कुणी घेतली नव्हती. मग वहीत वेळा लिहून पाहिल्या. दोन-तीन मिनिटांचाही फरक पडत नाही. वही बंद केली, पण कडी काढायची काही थांबले नाही. न काढावी तर आवाज दारातच चालू राहतो.

आणि दर वर्षी त्या तारखेला तू येतोस. यांच्या खुर्चीत बसत नाहीस, पंख्याखाली उभा राहतोस, नळ गळतोय का, दिवे लागतात का ते बघतोस. गेल्या वर्षी निघताना वाकून माझ्या पायांना हात लावलास. मी लावू दिला. त्या दिवशी गाडी दाराशी फार वेळ उभी होती, खिळ्या.

आता क्रमाने लिहिते. कॅम घडवलास त्या शनिवारी तू त्याला पाणी दिलंस, म्हणजे लालभडक तापवून तेलात बुडवलास. तुला सांगायला नको, पण तुझी लेकही हे वाचणार आहे. मग तो माझ्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलास आणि म्हणालास, “ताई, मोजून दोन तास. मध्ये उघडू नकोस. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं, मंद भाजलं की चिवट होतं.” तुला बेअरिंग आणायला जायचं होतं. हे म्हणाले, “निर्धास्त जा, मेहुणेबुवा. हिच्या घड्याळापुढे स्टेशनातलं घड्याळ पाणी भरतं.” दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिकेचा निरोप समारंभ होता आणि मी शंभर बिस्किटं कबूल केली होती. पंचवीस मिनिटांनी मी तुझा कॅम बाहेर काढला आणि पहिला ट्रे आत सारला. मला वाटलं, लोखंड ते लोखंड, त्याला काय होतंय. बिस्किटं मात्र कच्ची राहतील. भाजल्यावर पोलादावर पिवळसर रंग चढतो आणि तो तू बघतोस हे मला ठाऊक होतं, आणि तो पुरता चढला नव्हता. म्हणून तू यायच्या आत मी तुझा पॉलिश पेपर घेऊन कॅम घासून चकचकीत केला. तू विचारलंस, “झाले ना दोन तास?” मी म्हटलं, झाले. तू म्हणालास, “वा ताई, घासायचंही काम वाचवलंस.”

तुकडे पोलिसांनी माझ्याच हाती दिले. मी ते खिडकीशी नेऊन पाहिले. तुटलेली बाजू साखरेसारखी कणीदार होती, आणि तुकडा जराही वाकलेला नव्हता. नीट भाजलेला असता तर तुटण्याआधी वाकला असता. हे तूच कधीतरी एक तुकडा वायसच्या पकडीत धरून, हातोडी मारून मला दाखवलं होतंस. माल निकृष्ट नव्हता. तुझं काही चुकलं नव्हतं. तेराव्या दिवशी तू मला विचारलंस, “ताई, तुकडे एकदा बघू का?” मी म्हटलं, फेकून दिले, तुला बघून काय करायचंय? कुणालातरी दोष द्यायचा होता, आणि मी बोट दाखवायच्या आत तू आपणहून पुढे आलास. मी तुला मागे ओढलं नाही. इतकंच मी केलं, आणि एकोणीस वर्षं रोज केलं. क्षमा माग म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही, मीही ती या पत्रात मागत नाही. तो हिशेब तुझा, तू हवा तेव्हा कर. पण कापलेली फ्रेम घेऊन तुझ्या मुलीने आयुष्यभर बसायचं कारण नाही. हे पत्र वाचलंस की तिला वाचायला दे, आणि मग पोतं सोड.

तुझीच, आणि तुझ्यामागे लपून राहिलेली,
ताई

ता. क. तुझ्या लेकीच्या हाती आज सकाळी साडेनऊला दिलं ते असं : ब्रेकचा कॅम, दोन तुकडे, रुमालात बांधून. तपासणीचा कागद, मूळ प्रत, एक पान. हे पत्र, हा ता. क. तिच्यासमोर लिहून पाकीट बंद. पिशवीत काय आहे हे तिने विचारलं. मी विषय न बदलता सांगितलं. तिने सही केली आहे. माझ्याकडे यातलं काहीही ठेवलेलं नाही.