छापायचं राहिलेलं

तात्या, कल्याणात राहून वाचणाऱ्या आपल्यासारख्यांचं एक दुखणं तुम्ही गेल्यावर वीस वर्षांनीही तसंच आहे. मुंबईत छापलेलं वर्तमानपत्र आगगाडीनं तासा-दोन तासांत येतं, पण आळीतल्या दहा घरांतून फिरून आपल्या हाती पडेपर्यंत त्यातली गरम बातमी थंड होते. मी यावर भाषणंही केली. लोक टाळ्या वाजवतात आणि अंक दाबून ठेवतात.

तरी या महिन्यात वाचायला पुष्कळ मिळालं. माणसाचा आवाज मेणाच्या नळीवर साठवणारं यंत्र अमेरिकेत निघालं आहे म्हणे. ते वाचताना मला मिठागरावरून थकून आलेले, शनिवारी ओट्यावर बसून साऱ्या आळीला वर्तमानपत्र वाचून दाखवणारे तुम्ही आठवलात. पण खरा थांबलो तो एका मासिकातल्या लेखावर: मुलांना मारू नये, भीतीनं पाठांतर पळतं. तात्या, हे तर मी सोळा वर्षांचा असतानाच तुम्ही वाचून दाखवलं होतं!

शेजारचे काका त्यांच्या मुलाला पाढ्यांसाठी चिंचेच्या फोकानं झोडत. त्या शनिवारी तुम्ही चष्मा सारखा करून वाचलंत, "मोठमोठ्या वैद्यांचं मत आहे, पाठीवर मार बसला की पाढे विसरतात."

काका म्हणाले, "छापलंय असं?"

"छापलंय की. हे काय."

"मग तिकडच्या पोरांच्या पाठी लोण्याच्या असतील!"

ओटा हसला. पण दुसऱ्या दिवसापासून फोक आढ्याला खोचलेला राहिला. मी मात्र तो अंक ओळीनं ओळ चाळला. कुठंच काही नव्हतं. मी तुम्हाला माजघरात गाठून खोटारडे म्हणालो. तुम्ही शांतपणे पानाला चुना लावत म्हणालात, "अरे, छापायचं राहिलं असेल." मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही.

त्या रागावरच माझं सारं वक्तृत्व उभं आहे. परवाच ठाण्याच्या सभेत मी मेज आपटून सांगितलं, की छापील शब्द ही साक्ष आहे, ती फिरवणारा चोर. आणि लगेच आलेल्या शनिवारी काय झालं ते ऐका. नऊ वर्षांच्या तुमच्या नातीची शाळा बंद करायची, असं आईनं घरात जाहीर केलं होतं. आई उंबऱ्याशी वाती वळत ऐकते आहे, मी वाचतो आहे, आणि वाचता वाचता माझ्या तोंडून निघतं, "असं दिसून आलं आहे, की शिकलेल्या मुलीच्या हातचं लोणचं वर्षभर बुरशीवाचून टिकतं."

"छापलंय असं?" आई विचारते.

"छापलंय की."

आई वाती वळत राहिली. मग म्हणाली, "तुझे वडीलही अस्संच वाचायचे. जाऊ दे तिला शाळेत, पण लोणचं मी चाखून बघणार." तिला तेव्हाही सगळं कळत होतं, तात्या.

पोरगी माझ्या खांद्यावरून वाचत उभी होती. आई आत गेल्यावर तिनं पानावर बोट ठेवलं. "बाबा, लोणचं कुठं आहे यात?"

मी इकडं तिकडं पाहिलं. "अगं, छापायचं राहिलं असेल."

ती इतकी हसली, की आत आईही हसू लागली.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगून टाकतो. तो जुना अंक मी अजून ट्रंकेत जपला आहे. लिहायला बसण्याआधी पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, तुमचा मजकूर सापडेल या आशेनं. मला एकट्याला तो वाचता येत नाही. एका शनिवारी ओट्यावर या, आणि तेवढं पान मला वाचून दाखवा.